हयातीचा दाखला

नोव्हेंबर. नौपाड्यातली बँक.
पंख्याखाली तीन खुर्च्या, चौथी मोडकी,
तिच्यावर कुणाची तरी छत्री.
काचेपलीकडचा मुलगा म्हणतो, आजी, अंगठा.
मी ठेवते.
यंत्रात लाल उजेड येतो, थांबतो, जातो.
पुन्हा. थोडा दाबून.
पुन्हा. पदराला पुसून.
"तुम्ही जुळत नाही," तो म्हणतो,
वाईट वाटून नव्हे, पडद्यावरचं वाचून.

बरं.
एकतीस वर्षं वागळे इस्टेटीत
इंजेक्शनच्या कुप्या उजेडात धरून पाहिल्या मी.
अंगठा आणि तर्जनी, अंगठा आणि तर्जनी,
आत कचरा नाही ना, तडा नाही ना.
त्या काचेनं माझ्या रेघा हळूहळू नेल्या,
कुणाकुणाच्या दंडात टोचल्या गेल्या असतील
कोण जाणे.

"नाव?"
पासबुकावर वसुधा अनंत टिपणीस.
शाळेच्या दाखल्यावर कुमुद.
लग्नात ताटातल्या तांदळात
अंगठीनं नाव कोरलं यांनी,
मी समोर बसले होते, म्हणून ते उलटं वाचलं.
कुमुद तिथंच होती, मुंडावळ्या बांधून.
तिला कुणी ऊठ म्हटलं नाही,
बस असंही म्हटलं नाही.
दुसऱ्या दिवशी ते तांदूळ डब्यात गेले.
भात झाला असेल, कुणी वरून तूप मागितलं असेल.

पण उलटं वाचणारं ते कोण होतं?
कुमुद नव्हे, तिला तर रडू आवरत नव्हतं.
वसुधा नव्हे, ती अजून तांदळातच होती.
मधे कुणीतरी होतं.
होती नाही, होता नाही,
होतं.
आपल्या भाषेत त्याला जागा आहे एवढं बरं.

तेच पुढे दोन-तीनदा भेटलं.
सिव्हिल हॉस्पिटलच्या जिन्यात,
वरून यांच्या बातमीची वाट पाहताना,
पायऱ्या मोजत होतं. बावीस.
रडणारी मी होते, मोजणारं ते.
कारखान्याला टाळं लागलं त्या दिवशी
फाटकावरच्या नोटिशीतलं चुकलेलं वेलांटी-उकार
त्यानंच टिपलं.
त्याचं वय मला कधी कळलं नाही.
आरशात केस पांढरे झाले, हेही त्यानं
कपाटावर धूळ बसल्यासारखं नुसतं पाहिलं.

शेजारच्या नलूला एकदा सांगून पाहिलं.
ती म्हणाली, बी-ट्वेल्व्ह तपासून घे.
तपासलं. कमीच निघालं.
गोळ्या झाल्या, ते काही गेलं नाही.

"मधलं बोट द्या." नाही.
"करंगळी." नाही.
मागची बाई घड्याळ बघते. मी तिच्याकडे बघते,
आणि दोघींना बघणारं
मोडक्या खुर्चीवर बसल्यासारखं निवांत आहे.
त्याला दाखला नकोय.

"आजी, अंगठीचं बोट."
अंगठी कधीच निघाली, वळ तेवढा राहिलाय.
त्या बोटानं कारखान्यात काहीच काम केलं नाही,
इतर बोटं राबताना नुसतं बाजूला उभं राहिलं,
पाहत.
अनामिका, मी मनात म्हणते, आणि ठेवते.

हिरवा.
"झालं," मुलगा म्हणतो. "तुम्ही आहात."
एवढंच म्हणतो, आणि पुढचा नंबर पुकारतो.
कोण आहे ते त्यानं विचारलं नाही,
मलाही सांगता आलं नसतं.

कागदाची घडी घालून पिशवीत, भाजीच्या खाली.
गोखले रोडवर रिक्षांची रांग,
पलीकडून कुणी हाक मारली, अहो काकू!
मी वळले.
हाक दुसऱ्याच काकूला होती,
तिची कोथिंबीर पडली होती रस्त्यात.
तरी मी थांबले जरा वेळ तिथंच,
हाकेआधी इथं कोण चाललं होतं
ते आठवत.